फरशीखाली काय आहे?

ताईच्या इमारतीतल्या पार्किंगला पहिल्याच पावसाळ्यात फोड आले. भंडाऱ्यातली चार मजल्यांची साधी इमारत. खाली खांबांमधल्या मोकळ्या जागेत दहा-बारा मोटारी आणि त्यांच्या दुप्पट दुचाक्या. आदल्या दिवाळीच्या तोंडावर रहिवाशांनी वर्गणी काढून तिथल्या कोब्यावर करड्या रंगाचं चकचकीत इपॉक्सी मारून घेतलं होतं. आषाढात त्यावर आधी रुपयाएवढे, मग पुरीएवढे फुगे दिसू लागले. अंगठ्यानं दाबला की फुगा फुटायचा आणि आतून पाणी यायचं. भाद्रपदापर्यंत चाकांच्या दोन्ही रेघांमध्ये रंगाची साल निघून खालचा कोबा उघडा पडला.

ठेकेदाराचं म्हणणं असं की गाड्या धुतल्यामुळे हे झालं, आणखी एक हात मारला की काम पक्कं होईल. शेजारच्या घरी टाइल्स बसवायला आलेले एक वयस्कर मिस्त्री हे ऐकत उभे होते. ते भाऊजींना म्हणाले, "वरून रंग मारून राहिले तुम्ही भाऊ, पाणी तं खालून येऊन राहिलं!"

त्या एका वाक्यामुळे मी गेलं वर्षभर जिथं जाईन तिथं खाली पाहत हिंडलो. दवाखान्यांची तळघरं, मंगल कार्यालयांची अंगणं, राइस मिलची आवारं, नव्या संकुलांचे उतार. दिवाणखान्याची टाइल निवडायला घरातली चार माणसं नागपूरला जातात. ज्या फरशीवर लाखोंच्या गाड्या उभ्या राहतात आणि जिच्याखाली कधी कधी सगळ्या इमारतीचं पिण्याचं पाणी असतं, तिच्या वाट्याला मात्र एक कॅटलॉग आणि एक छटा येते. हा लेख त्या फरशीसाठी आहे.

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. शहराला लागून वैनगंगा, खाली पवनीजवळ गोसेखुर्दचं धरण. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस महापूर आला तेव्हा त्या धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले होते आणि भंडारा शहरातल्या सखल वस्त्यांमध्ये पाणी शिरलं होतं. पुराचं पाणी ओसरतं, गाळ उपसला जातो, फरशी चार दिवसांत कोरडी दिसू लागते. तिच्याखालची माती मात्र महिनोन्‌महिने ओली असते. पूर नसतानाही पावसाळ्यात तेच घडतं, फक्त कमी प्रमाणात.

काँक्रीट डोळ्यांना दगडासारखं दिसतं, पण त्यात केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. जमिनीतला ओलावा त्यातून वर चढतो आणि उघड्या पृष्ठभागावरून हवेत निघून जातो. आपल्याला तो दिसत नाही, म्हणून आपण फरशी कोरडी समजतो. तिच्यावर हवाबंद लेप बसला की त्या वाफेची वाट बंद होते. पाणी लेपाखाली साचतं, त्यात काँक्रीटमधले क्षार विरघळतात आणि ते द्रावण आणखी पाणी ओढून घेतं. दाब वाढला की लेप उचलला जातो. ताईकडचे फुगे हे असे. त्यावर दुसरा हात मारणं म्हणजे तेच झाकण अधिक घट्ट बसवणं.

हे ज्ञान आपल्याकडे नवं नाही. धानाच्या कडपा वाळल्या, पुंजणे रचले गेले की मळणीआधी खळं तयार करायचं काम असे. जमीन चोपायची, पाणी शिंपडायचं, शेण-मातीनं सारवायचं, वाळू द्यायचं. त्या सारवणावरून बैल फिरत, माणसं वावरत, धान पडे. थर झिजायचा, पण खालची जमीन उकरली जात नसे आणि धानात माती येत नसे. शिवाय तो थर ओलावा कोंडून ठेवत नसे. थर झिजण्यासाठीच आहे आणि पुढच्या वर्षी पुन्हा द्यायचा आहे, हे प्रत्येक घरात ठाऊक होतं. आता मळणीयंत्रं आणि हार्वेस्टर आले, खळी कमी झाली. वाहनांच्या फरशीवरच्या लेपाचं काम मात्र अगदी तेच आहे: स्वतः झिजायचं आणि खालच्याला वाचवायचं.

म्हणून कुठलंही कोटिंग निवडण्याआधी पहिला प्रश्न हा की या फरशीखाली काय आहे? माती आहे की पोकळी?

जिल्ह्यातल्या शहरांमधलं बहुतेक पार्किंग मातीवर टेकलेलं आहे. खांबांवर इमारत, खाली मुरूम-गिट्टीचा भराव, त्यावर पाच-सहा इंचांचं काँक्रीट. अशा फरशीला खाली कोसळायची भीती नसते. तिचे त्रास वेगळे: पूड सुटते, तेलाचे डाग पडतात, कोपरे फुटतात, पाणी साचतं. यासाठी महागडं जलरोधक कोटिंग लागत नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक ठिकाणी ते लावूच नये. नवी फरशी होत असेल तर भरावावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, म्हणजे खालचा ओलावा तिथंच अडेल. काँक्रीट ट्रिमिक्स पद्धतीनं टाका. यात व्हॅक्यूम लावून जादा पाणी ओढून घेतात आणि यंत्रानं पृष्ठभाग घोटतात. वरून फ्लोअर हार्डनर द्या. जुनी फरशी असेल आणि पूड सुटत असेल तर सिलिकेटचं डेन्सिफायर म्हणून पातळ द्रव मिळतो. तो काँक्रीटमध्ये मुरतो, आतल्या मोकळ्या चुन्याशी त्याचा संयोग होतो आणि वरचा थर टणक होतो. त्याचा पापुद्रा बनत नाही, म्हणून फुगायला काही उरत नाही. वाफेची वाटही मोकळी राहते. चमक इपॉक्सीएवढी नसते, हे खरं. जिथं खाली नळ आणि ड्रेनेजच्या लाइनी आहेत तिथं साधे पेव्हर ब्लॉक उत्तम, कारण ते उचलून परत बसवता येतात.

पोकळीवरची फरशी ही गोष्ट निराळी, आणि इथं थांबून सविस्तर बोलायला हवं.

खाली तळघर असेल तर वरची फरशी हा लोखंडी सळ्यांवर उभा असलेला स्लॅब असतो. ताज्या काँक्रीटची अल्कता इतकी जास्त असते की सळईभोवती एक संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ही अल्कता कमी करत जातो. हा प्रवास वर्षांच्या वर्गमुळाच्या हिशेबानं चालतो, म्हणजे पहिल्या चार वर्षांत जेवढी खोली गाठली तिच्या दुप्पट खोली गाठायला सोळा वर्षं लागतात. म्हणूनच सळईवर किती मिलिमीटर काँक्रीट आहे याला एवढं महत्त्व. आयएस 456 : 2000 या आपल्या मानकात सौम्य परिस्थितीसाठी हे आवरण 20 मिलिमीटर सांगितलं आहे. जिथं काँक्रीट आळीपाळीनं भिजतं आणि वाळतं तिथं ते 45 मिलिमीटर हवं आणि काँक्रीट किमान एम-30 दर्जाचं. वर्षभर गाड्या धुतल्या जाणारी, चार महिने ओल्या चाकांनी भिजणारी फरशी कुठल्या वर्गात बसते, ते सांगायला नको. आवरण निम्म्यावर आलं की संरक्षणाचा काळ जवळपास चौथाईवर येतो. त्यानंतर पाणी आणि प्राणवायू मिळाला की सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून अधिक जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुटतं.

हे दुर्लक्ष किती महाग पडतं याची उदाहरणं दूरदेशी घडली आहेत. कॅनडातल्या एलियट लेक या गावात 1980 साली एक मॉल उभा राहिला, त्याच्या छतावरच वाहनतळ होता. छत सुरुवातीपासून गळत होतं. थंडीत रस्त्यावर टाकलेलं मीठ चाकांबरोबर वर येई, ते पाण्यातून खाली झिरपे आणि पोलादी जोड खाई. मालक बदलत गेले, खाली बादल्या ठेवल्या गेल्या. 23 जून 2012 रोजी छत कोसळलं, दोघींचा जीव गेला. फ्लोरिडात सर्फसाइड इथली निवासी इमारत 24 जून 2021 च्या पहाटे कोसळली, 98 माणसं गेली. तिच्या मूळ रचनेतल्या उणिवाही पुढे तपासात आल्या. पण 2018 च्या अभियंत्याच्या अहवालातच लिहिलेलं होतं की जलतरण तलावाच्या बाजूच्या स्लॅबवरचं जलरोधक निकामी झालंय आणि तो भाग सपाट असल्यामुळे पाणी वाहून न जाता साचतंय. त्या स्लॅबखाली वाहनतळ होता.

आपल्याकडे बर्फ नाही आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे मीठ येणार कुठून, असं वाटेल. तर मीठ आपण बाटलीतून आणतो. कोटिंगआधी फरशी 'साफ' करायला बाजारातलं ॲसिड ओतायची सर्रास पद्धत आहे. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. काँक्रीटशी संयोग होऊन त्यातून क्लोराइड तयार होतं, म्हणजे समुद्राच्या मिठात जे सळईचा शत्रू असतं तेच. भरपूर पाण्यानं धुतलं तरी थोडं आत राहतंच. सळया असलेल्या स्लॅबवर ॲसिड ओतू देऊ नका, ही गोष्ट मी या लेखात दोनदा लिहायलाही तयार आहे.

आता भंडाऱ्याचा विचार करू. तळघरं इथं अजून थोडी आहेत. डिसेंबर 2020 पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच विकास नियमावली लागू झाली आणि त्यात पार्किंगचे निकष स्पष्ट आहेत, त्यामुळे तळघरं वाढत जातील. मग पोकळीवरची फरशी आज इथं कुठे आहे? मला तिचा पत्ता ताईच्याच इमारतीत लागला. गेटमधून आत शिरल्यावर डाव्या हाताला, दोन गाड्या उभ्या राहतात त्या जागी, लोखंडी झाकण होतं. त्याखाली पाण्याची टाकी. वरून गाड्या जातात, खाली सोळा घरांचं पिण्याचं पाणी आहे. मागच्या बाजूला सेप्टिक टँक, त्यावरही दुचाक्या. महाराष्ट्रातल्या लहान शहरांतल्या असंख्य इमारतींचा आराखडा हाच. पार्किंगमधला सर्वांत धोक्याचा स्लॅब हा, आणि कोटिंगची खरी गरज आहे ती त्याला.

त्याची परिस्थिती वाईट असते. वर चिखल, ऑइल, धुण्याचं पाणी. खाली सततची वाफ. सेप्टिक टँकमध्ये तर हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, स्लॅबच्या खालच्या अंगावरचे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते काँक्रीट खात बसतं. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की टँकर येतो. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन. तो टँकर नेमका टाकीवरच उभा राहतो, कारण पाइप तिथं सोडायचा असतो! कुठलंही कोटिंग स्लॅबला एक किलोचंही जादा बळ देत नाही. म्हणून टाकी रिकामी करून, पुरेशी हवा खेळवून, जाणकाराकडून खालची बाजू आधी बघून घ्यायला हवी. सेप्टिक टँकमध्ये तर कुणालाही असंच उतरवू नये, तिथले वायू जीव घेतात. खाली सळया दिसत असतील, पोपडे पडत असतील तर आधी दुरुस्ती, नाहीतर नवा स्लॅब. टँकर तर तिथं थांबूच नये.

स्लॅब शाबूत असेल तर मग कोटिंगची निवड. इपॉक्सी कडक असतं, घट्ट चिकटतं, तेलाला दाद देत नाही, पण ताणलं जात नाही. काँक्रीट हलतं. दहा मीटरचा स्लॅब तापमानात तीस अंशांचा फरक पडला की सुमारे तीन मिलिमीटर लांबतो-आखडतो, आणि डिसेंबरची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत उघड्यावरच्या स्लॅबला याहून जास्त फरक सोसावा लागतो. भेग थोडी उघडली की वरचं इपॉक्सीही तिथंच तडकतं. उन्हात ते पिवळं पडतं, त्याची पूड निघते. म्हणून कोरड्या, सावलीतल्या तळघरात ते चालेल, उतारावर आणि उघड्यावर नाही. पोकळीवरच्या स्लॅबसाठी पॉलियुरेथेनची अनेक थरांची पद्धत अधिक योग्य: आधी प्रायमर, मग भेगेबरोबर ताणला जाणारा मऊ पडदा, त्यावर क्वार्ट्झची वाळू पेरलेला झिजेचा थर आणि शेवटी उन्हाला टिकणारा वरचा हात. सगळं मिळून दोन-तीन मिलिमीटर. पॉलियुरिया यंत्रातून गरम फवारतात, ते काही सेकंदांत आवळतं. पण हात सराईत हवा, आणि चूक झाली तर सुधारायला वेळ मिळत नाही. मिथाइल मेथाक्रिलेट तासाभरात वापरायला तयार होतं, वास मात्र उग्र.

आपल्याकडची एक गोष्ट परदेशी कॅटलॉगमध्ये नसते, ती म्हणजे दुचाकीचा साइड स्टँड. मोटारीचं चाक वजन पसरवतं. साइड स्टँड सगळा भार नाण्याएवढ्या टोकावर टाकतो, तोही रोज त्याच जागी आणि थोडा घासून. मऊ पडदा वर तसाच उघडा ठेवला तर वर्षभरात त्याला चाळणीसारखी भोकं पडतात. म्हणून दुचाक्यांच्या रांगेत वाळूचा थर जाड हवा किंवा वर पेव्हर ब्लॉकची पट्टी टाकावी. गुळगुळीत चमक टाळण्याचं कारण आणखी एक. ओल्या पायांनी, हातात पिशव्या घेऊन उताराने चालणारी आजी घसरली तर तिची कंबर कोणत्या छटेनं बरी होणार आहे?

भंडारा ही पितळेची पेठ. कल्हई पाहिलेल्यांना कोटिंग समजावणं सोपं जातं. भांडं तापवून, घासून, नवसागर टाकून ज्या क्षणी धातू अगदी स्वच्छ होतो त्याच क्षणी कथील फिरवलं तर ते पसरतं. तेलकट भांड्यावर कथलाचा गोळाच होतो. फरशीचं तसंच. आपल्याकडे कोबा घोटताना वर कोरडं सिमेंट भुरभुरवायची सवय आहे. दिसायला छान, पण तो वरचा पापुद्रा कमजोर असतो. कोटिंग त्याला घट्ट धरतं आणि दोघं मिळून निघून येतात. म्हणून यंत्रानं, म्हणजे ग्राइंडिंग किंवा शॉट ब्लास्टिंग करून, तो थर काढावा लागतो. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात या कामाची वेगळी ओळ नसेल तर ते काम होणार नाही, असं समजा.

स्लॅब नवा असेल तर त्याची उस्तवार पहिल्या दिवसांतच ठरते. साधं सिमेंट असेल तर किमान 7 दिवस आणि फ्लाय ॲश मिसळलेलं असेल किंवा हवा कडक, कोरडी असेल तर किमान 10 दिवस पाणी द्यावं, असं आयएस 456 सांगतं. बाजारातलं बहुतेक सिमेंट आता मिश्रच असतं. जुने मिस्त्री स्लॅबवर मसाल्याच्या बारीक पाळी घालून चौकोन करतात आणि त्यात पाणी भरतात. हुबेहूब धानाच्या बांध्या. ओला बारदाना नाहीतर तणीस अंथरली तरी चालतं, आणि या जिल्ह्यात दोन्हींना तोटा नाही. सकाळ-संध्याकाळ पाइपनं शिंपडणं म्हणजे पाणी देणं नव्हे. उताराकडेही त्याच वेळी पाहावं. मीटरमागे एक-दीड सेंटिमीटर उतार जाळीकडे हवा. साचलेलं पाणी कोणतंही कोटिंग फार काळ सोसत नाही.

एक हिशेब मात्र प्रत्येक सोसायटीच्या सचिवाने करावा, त्यासाठी अभियंता असावं लागत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीचा थर द्यायला एक लिटर माल लागतो. शंभर चौरस मीटरवर दोन मिलिमीटर हवे असतील तर दोनशे लिटर. वीस लिटरचे दहा डबे. अंगणात दोनच डबे उतरले तर थर अर्धा मिलिमीटरही भरणार नाही, करारात काहीही लिहिलेलं असो. मालात उडून जाणारं द्रावक असेल तर त्याहून कमी. ताईकडे किती डबे आले होते, हे आज कुणालाच आठवत नाही. डबे येताना मोजा, रिकामे झाल्यावर पुन्हा मोजा, त्यावरच्या पट्टीचा फोटो काढा. मालाचे दोन घटक, बेस आणि हार्डनर, यांचं प्रमाण डोळ्यांच्या अंदाजानं घेऊ देऊ नका. ते चुकलं तर फरशी महिनाभर चिकट राहते आणि उन्हाळ्यात गरम टायर तिचे तुकडे उचलून नेतो.

वेळही निवडावी लागते. पावसाळ्यात ओलावा, मे महिन्यात तापलेला स्लॅब आणि बादलीतच आवळणारा माल. आपल्याकडे चांगला काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यातही पहाटेचं दव पूर्ण उडू द्यावं. स्लॅबचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त असावं, असा सर्वमान्य नियम आहे. आणि शक्यतो स्लॅब तापत असताना काम करू नये, कारण तापताना काँक्रीटमधली हवा बाहेर येते आणि ताज्या थराला टाचणीएवढी भोकं पाडते. दुपार कलली की काम धरावं, दव पडण्याआधी थर आवळेल इतपत वेळ ठेवून.

एवढं करूनही झिजेचा थर काही वर्षांनी पुन्हा द्यावाच लागेल. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी संरचनेची तपासणी करावी, असं गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. त्या तपासणीत टाकीवरच्या स्लॅबचं नाव आवर्जून लिहून द्या, नाहीतर अभियंता खांब आणि गच्ची पाहून परत जातो.

ताईच्या इमारतीत यंदा जुनं इपॉक्सी पूर्ण खरवडून काढलं. मातीवरच्या फरशीला फक्त डेन्सिफायर दिलं. वाचलेले पैसे टाकीच्या स्लॅबकडे वळवले. खालून दोन ठिकाणी सळई उघडी होती. ती दुरुस्ती झाल्यावर, थंडीत, वर पॉलियुरेथेनचे थर होणार आहेत, आणि टँकर गेटबाहेर थांबून लांब पाइपनं पाणी देणार, असा ठराव झाला आहे.

तुमच्याकडे फरशीचा विषय निघाला असेल तर कुणालाही दर विचारण्याआधी एवढं करा. दिवाळीची गडबड संपली की जाड पारदर्शक प्लास्टिकचा सुमारे 45 सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि पार्किंगच्या फरशीवर चारही कडा चिकटपट्टीनं बंद करून लावा. जागा उन्हातली नको, आणि तिथं दोन-तीन दिवस गाडी धुवू देऊ नका. किमान 16 तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी, तो उचला. खालून थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडलेलं दिसलं, तर त्या फरशीला आत्ता हवाबंद लेप देऊ नका.